वारुळाची महाराणी

माझं नाव सातेरी. ऐकणारा ते दोनदा विचारतो आणि तिसऱ्यांदा म्हणतो, "अर्थ काय?" मुंबईत नावाला अर्थ लागतोच, माणसाला नसला तरी भागतं.

सातेरी ही आमच्या सिंधुदुर्गातल्या गावची देवी. मूर्ती वगैरे नाही, नुसतं वारूळ. बाबांच्या सांगण्यात ते दरवर्षी वाढतं. त्या मानाने एव्हाना ते परळच्या टॉवरांवरून दिसायला हवं. मी जन्मले तेव्हा आईने पसंत केलेलं फॅशनेबल नाव ठेवू का, म्हणून बाबांनी देवीला पाकळी चिकटवून कौल लावला; पडली तर होकार. पाकळी पडेना. गुरव जेवून, एक झोप काढून आला, तरी पाकळी जागच्या जागी. शेवटी बाबा वैतागले, "मगे तुझाच नाव ठेवतंय." पाकळी टपकन खाली. देवांनाही आपल्या नावाची हौस असते.

पुढे लालबागच्या या सातेरीचं लग्न दादरच्या एका फार सुसंस्कृत घरात ठरलं. तिथे चहासुद्धा शुद्ध मराठीत ओततात. होणाऱ्या सासूबाई गोड आवाजात म्हणाल्या, "लग्नात नाव बदलू या हं. आमच्याकडे ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहितात. हे जरा गावाकडचं वाटतं." त्यांनी सहा नावं काढून ठेवली होती. सहाही संस्कृत, आणि दादरच्या प्रत्येक इमारतीत दोन-दोन.

शाळेपासून भांडून टिकवलेलं नाव ताटभर तांदळात बुडणार म्हटल्यावर माझी जीभ सुटली. "अहो आई, ही कोकणातली राणी. सात किल्ल्यांची मालकीण. पोर्तुगीजांचं गलबत हिने नुसतं डोळे वटारून परत पाठवलं."

"एकच गलबत?"

"सतरा."

होणारा नवरा मान खाली घालून बिस्कीट चावत राहिला. आठवड्याभरात राणी दादरभर झाली. सासूबाईंच्या गिरगावच्या बहिणीने तर, आम्हाला शाळेत तिच्यावर धडा होता, असं शपथेवर सांगितलं. नाव बदलायचा विषय कोणी काढेना.

लग्नाच्या दिवशी ताट समोर आलं. नवऱ्याने अंगठी हातात घेतली. सासूबाई पाहुण्यांना गलबतं मोजून दाखवत होत्या, तेवढ्यात बाबा प्रेमाने म्हणाले, "राणी खयची? वारूळ ता. मातयेचा."

अंगठी तांदळावर थबकली.

"वारूळ?" सासूबाईंनी मला विचारलं.

"हो, आई."

"आणि पोर्तुगीज?"

"पोर्तुगीज होते. गलबतं मी वाढवली."

त्यांनी ताटातले तांदूळ बोटांनी सारखे केले. मग मुलाला म्हणाल्या, "आहे तेच लिही."

त्याने लिहिलं. पाहुणे जेवायला उठल्यावर त्या माझ्या कानाशी आल्या. "माझं लग्नाआधीचं नाव पस्तीस वर्षांत कोणी घेतलेलं नाही गं. तसं साधंच आहे. त्यालाही एखादी राणी बघशील?"

"बघते की. गलबतं किती घालू?"

त्यांनी पदर सावरला. "अठरा तरी हवीत."