आज बारी कोणाची?

पेठच्या स्टँडवर आईनं मला एसटीत बसवून दिलं, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. रेक्झिनच्या बॅगेत दोन शर्ट, आयटीआयच्या प्रवेशाचा कागद आणि फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी. निरोप झाला, आता आई खाली उतरेल असं मला वाटलं. ती लगेच उतरली नाही. माझ्या शेजारच्या अनोळखी बाईला म्हणाली, "बाय, माझा पोर हाय. जरा बघ याला." मग मी काही विचारलं नसताना माझ्याकडं वळून म्हणाली, "तुला एकटा नाय धाडत मी. माणसांत धाडते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुकती मिशी फुटली होती आणि आई मला तान्ह्या पोरासारखं दुसऱ्याच्या ओटीत घालत होती. सावळघाट चढून होईपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत राहिलो. "भाकर खा रं," ती बाई एकदा म्हणाली. नाशकात उतरताना माझी सीटखाली राहिलेली बॅग तिनंच मागून आणून दिली. मी तिच्याशी एक शब्दही बोललो नाही. तोंड फिरवण्याची माझी सवय तिथून सुरू झाली असावी.

जे घाटाखाली राहिलात त्यांच्यासाठी आणि जे माझ्यासारखे घाट चढून आलात त्यांच्यासाठीही, हे लिहितो आहे. पुढचं सांगायला मला जड जातं.

सातपूरला एका कारखान्यात मी मालाची तपासणी करतो. बायको, मनीषा, मूळची सटाण्याची. सिन्नरच्या एका शाळेत शिकवते आणि रोज पहाटेच्या अंधारात बस धरते. मुलगी तन्वी सहा वर्षांची. कारखान्यापासून गाडीवर वीस मिनिटांवर आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. सोसायटीत कोणी गाव विचारलं की मी "नाशिकच" म्हणायचो. बोली तर केव्हाच सुटली. आमच्या डब्यावर 'रागी' लिहिलेलं असतं. ती नागलीच आहे, हे मी माझ्या मुलीला कधी सांगितलं नव्हतं.

तन्वी चार महिन्यांची असताना आई तिला सांभाळायला आली. मनीषाची बाळंतपणाची रजा संपली होती. आईचं सगळं बरं चाललं होतं, पण दुपारी तन्वी झोपली की, आमच्याकडं राहून कॉलेज करणारी मनीषाची धाकटी बहीण परतली असायची, तिला घरात बसवून ती खाली जायची. आमच्या कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीत तेव्हा समोर चाललेल्या बांधकामावरच्या बाया जेवायला बसत, त्यांच्यात जाऊन बसायची. एकदा मी लवकर घरी आलो तर आई त्यांच्यात मांडी घालून बसलेली आणि मांडीवर कोणा मजुरणीचं शेंबडं, तापलेलं पोर. सोसायटीचे सेक्रेटरी गेटातून बघत होते. मी म्हणालो, "आई, वर चल. इथं बसत जाऊ नको. लोक बघतात."

आईनं ते पोर उचलून दुसऱ्या बाईजवळ दिलं, लुगडं झटकलं आणि माझ्यामागून जिना चढली. आठवड्यानं "भाताची कामं हायत" म्हणून गावी गेली, ती पुन्हा राहायला आली नाही. तीन वर्षांपूर्वी ती वारली. भाताची कामं त्या महिन्यात नसतात, हे मला माहीत होतं.

तेव्हापासून मुलीचं आजारपण मनीषा आणि मी आळीपाळीनं काढत आलो. एकदा तिची रजा, एकदा माझी. नोकरी करणाऱ्या आईबापांना वेगळं सांगायला नको. मुलाचं कपाळ गरम लागलं की माया पोटात येण्याआधी कॅलेंडर डोळ्यांपुढं येतं. मागच्या थंडीत तन्वी तापली तेव्हा पाळी माझी होती. मी सकाळी तिला तापाचं औषध पाजलं. अंग निवलं तसं गणवेश घालून शाळेच्या रिक्षात बसवलं. औषध दुपारपर्यंतच पुरणार, हे मला कळत होतं. बाराला शाळेतून फोन आला. मला तपासणीची लाइन सोडता आली नाही. सिन्नरहून मनीषा येईपर्यंत माझी मुलगी शाळेच्या ऑफिसातल्या बाकावर दप्तर उशाला घेऊन पडून होती.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं नाही. दोन-तीन दिवस ताप राहील. औषध वेळेवर द्या, पाणी पाजत राहा." शाळेनं सांगितलं, बरी झाल्याशिवाय पाठवू नका. आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला यायची होती. मोजमापाचे सगळे कागद माझ्या हातचे. साहेबांनी आधीच बजावलं होतं, "कधीही रजा घ्या, उद्याची सोडून." मनीषाच्या शाळेत परीक्षा होती. तिनं "निदान अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून बघते," म्हणून पहाटेची बस धरली. मी म्हणालो, "जा, मी करतो काहीतरी."

ते काहीतरी काय, ते मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकू पुण्याला लेकीकडं गेलेल्या. मेहुणीचं लग्न होऊन ती सुरतेला. पाळणाघराच्या ताई म्हणाल्या, "तापातलं मूल घेत नाही हो दादा, बाकीच्यांना लागतो." त्यांचंही बरोबर होतं. साडेसहा वाजले. सातला शिफ्ट.

मग मी जे केलं ते मनीषालाही मी आठ दिवसांनी सांगितलं. तन्वीला पलंगावर निजवलं, हाताशी पाण्याची बाटली ठेवली, जुन्या मोबाइलवर कार्टून लावून दिलं आणि बाहेरून कुलूप घातलं. ती कार्टूनकडं बघतही नव्हती. नुसती माझ्याकडं बघत होती.

गाडी चालू करून मी गेटापर्यंत आलो. समोरच्या नव्या बांधकामावर त्या साली आमच्याकडचीच टोळी उतरली होती. दिवाळीनंतर भात झोडून झालं की डोंगरातली माणसं नाशकात कामाला येतात, तशी. रस्त्यापलीकडं पत्र्याच्या खोल्या, बाहेर तीन दगडांच्या चुली. बोलण्यावरून आणि लुगडं नेसण्याच्या पद्धतीवरून मी त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि दोन महिने रोज मान वळवून गेलो होतो. त्या सकाळी एक म्हातारी रडणाऱ्या पोराला सांगत होती, "भेव नको रं बाबा, मी हाय ना." माझी आई हेच म्हणायची, याच सुरात. गाडीचं इंजिन चालू ठेवूनच मी जिन्याकडं पळालो. कुलूप काढलं.

तन्वीला शालीत गुंडाळून, पिशवीत औषध, बाटली आणि बिस्किटांचा एक पुडा घेऊन मी त्या चुलीपुढं उभा राहिलो. म्हातारीचं नाव चिमणाबाई. टोळीत तिचाच शब्द चाले, हे मला नंतर कळलं.

"मावशी, जरा एक विनंती होती," मी म्हणालो.

"बोला साहेब." ती उठलीही नाही.

माझी सगळी शहरी भाषा तिथं संपली. मी म्हणालो, "माझी पोर लय तापली हाय. घरात कोणी नाय. मला कामावर जायचंय."

तिनं मान वर केली. "कुठला रं तू?"

मी गाव सांगितलं. आईचं नाव सांगितलं. ती आईला ओळखत नव्हती, पण गाव ओळखत होती.

"अगं बया!" ती चुलीभोवतीच्या बायांना म्हणाली, "हा तर आपल्यातला. मला वाटलं याची मान आखडलीय, म्हणून रोज तिकडंच बघत जातो!" बाया हसल्या. मी मान खाली घातली. पण हसता हसताच तिनं हात पुढं करून तन्वीला घेतलं होतं. कपाळाला गाल लावून बघितला आणि आजारी पोराजवळ बसायची पाळी विचारली, "आज बारी कोणाची?"

"वनीची," कोणीतरी म्हणालं.

वनी नावाच्या तरण्या बाईनं डोक्यावरची चुंबळ काढून बाजूला ठेवली आणि हात धुतले. दुसरी म्हणाली, "तिच्या वाटची वाळू मी आन् भीमी ओढतो." झालं. तेवढंच. हातातलं घमेलं खाली ठेवायला लागतो तेवढाच वेळ लागला.

कारखान्यात आमच्याकडं भिंतीवर तक्ता आहे. कोण गैरहजर तर कोण त्याच्या जागी, ते त्यावर लिहिलेलं असतं, आणि तरीही एक माणूस एका दिवसापुरता सुटता सुटत नाही. इथं अकरा बायांनी न लिहिता, न वाद घालता एक बाई मोकळी केली होती. आणि मी थक्क होऊन उभा असताना मला आठवलं की हे मी पाहिलेलं आहे. लहानपणी आईबरोबर द्राक्षाच्या मळ्यात जायचो, तेव्हा झाडाखाली रोज एक वेगळी बाई बसलेली असायची आणि आजारी पोरं तिच्याभोवती. तिची ओळ बाकीच्या उरकायच्या. "आजारी पोर एकाचं नसतं, टोळीचं असतं," आई म्हणायची. मी त्याच झाडाखाली गोवर काढला होता. वाढलो तो या रीतीवर, आणि एवढी वर्षं मला वाटत होतं की मी आपल्याआपण वाढलो.

औषधाच्या वेळा मी कागदावर लिहून आणल्या होत्या. चिमणाबाईनं कागद उलटासुलटा केला. "दुसरं कधी द्यायचं ते सांग. त्या भिंतीची सावली कुठवर येईल तेव्हा?" मी अंदाज बांधून वाळूच्या ढिगाकडं बोट दाखवलं. मग बिस्किटांचा पुडा काढला आणि तेव्हा मला दिसलं, तिथं आणखी पाच पोरं होती, पुड्याकडं बघत. मी एकाच पोराचं सामान बांधून आणलं होतं. चिमणाबाईनं पुडा घेतला, फोडला आणि सहा वाटे केले.

तो दिवस तपासणीत कसा गेला ते सांगता येत नाही. दुपारी मनीषाचा फोन आला. अर्धी सुट्टी मिळाली होती, ती बसमध्ये होती. "तन्वी कोणाजवळ आहे?"

"आपल्या माणसांजवळ," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडून तिनं पहिल्यांदा ऐकले असावेत. "कोण आपली?" तिनं विचारलं. समोरच्या बांधकामावर जा, असं मी सांगितलं.

चारला मी परतलो. आमच्या कंपाउंडच्या भिंतीच्या सावलीत वनी बसली होती, तिच्या मांडीवर तन्वी आणि शेजारी जमिनीवरच, शाळेच्या साडीत, मनीषा. आई जिथं बसायची तिथंच. तन्वीच्या ओठांना तांबूस पेज लागलेली. ताप उतरला होता. "बाबा, यांच्याकडं पण रागी आहे," ती म्हणाली. "पण गरम आणि खारट."

"नागली म्हणतात तिला," मी म्हणालो.

औषध बरोबर वेळेला पोटात गेलं होतं. सावली ढिगाला टेकली तेव्हा.

मी खिशात हात घातलेला बघून चिमणाबाई भडकली. "मजुरी देतोस? पोराला सांभाळायची मजुरी असते का रं? शहरात काय काय शिकलास!" मग जरा निवून म्हणाली, "तुझीबी बारी येईल की." मी हसलो. मला वाटलं, ही बोलण्याची रीत आहे.

शिमग्याला गावी जाऊन टोळी परत आली. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी चिमणाबाई थेट आमच्या तिसऱ्या मजल्याच्या दारात उभी. वनीचं पोर जुलाबानं गळाठलं होतं. रात्रीच दवाखान्यात दाखवून आणलं होतं, पण त्या दिवशी शेवटचा स्लॅब टाकायचा होता. स्लॅबच्या दिवशी एकही हात सुटत नाही.

"चल," ती म्हणाली. "आज तुझी बारी."

पोराला वर आण, असं मी म्हणालो असतो तर तिनं आणलंही असतं. पण मी चपला घातल्या आणि खाली गेलो. वनीचं पोर मांडीवर घेऊन कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसलो. डॉक्टरांनी दिलेलं मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजत होतो. बाकीची पोरं भोवती, त्यांच्यात तन्वी. समोर डोक्यावर घमेली घेऊन बायांची रांग शिडीवरून वर जात होती. वनी प्रत्येक खेपेला वरून एकदा खाली बघायची आणि मी हात वर करायचो.

तेव्हा मला ते कळलं. आईच्या मांडीवर त्या दिवशी तापलेलं पोर होतं. ती तिथं गप्पा मारायला बसत नव्हती. माझ्या पोरीला घरात निजवून, तिच्याजवळ माणूस ठेवून, ती खाली येऊन आपली बारी देत होती. या शहरात ती चार दिवसांची पाहुणी, पण मला अठरा वर्षांत जे जमलं नव्हतं ते तिनं आठवड्यात केलं होतं. ती माणसांत गेली होती. आणि मी तिला भर बारीतून उठवलं होतं.

सेक्रेटरी गेटातून बाहेर पडले. थांबले. "अहो, तुम्ही इथं काय करताय?"

पोरानं तेवढ्यात माझ्या पँटवर जुलाब केला. मी ते पुसलं.

"आज माझी बारी आहे," मी म्हणालो.

पावसाआधी टोळी भातलावणीला गेली. ती इमारत आता उभी आहे, खिडक्यांत पडदे आहेत. दिवाळीनंतर ती माणसं नाशकात कुठं उतरतील ते चिमणाबाईलाही माहीत नाही. पण वनी माझा फोन नंबर टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलमध्ये घालून गेली आहे. लोक अजून गाव विचारतात. मी गावाचं नाव सांगतो. घर कुठं, असं विचारलं तर मात्र नेमकं सांगता येत नाही. घाटाखालचं घर बंद आहे, वरचं हप्त्यांवर आहे. पण सकाळी फोन वाजला आणि पलीकडून कोणी "आज तुझी बारी" म्हणालं, तर मी चपला घालून निघेन आणि जिथं जाऊन बसेन तिथं आईनं मला धाडलेलं असेल.