छत्रीचा प्रवेश

नाटकमंडळीत तिला सगळे कुजबुज म्हणायचे. खरं नाव होतं, पण ते फक्त चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला आणि घरी ताईला माहीत. दिवसभर ती दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासून चौकटीत बसवायची आणि संध्याकाळी तालमीच्या हॉलवर येऊन विंगेत स्टुलावर बसायची, मांडीवर नाटकाची प्रत घेऊन. कोणी वाक्य विसरलं की हळूच पुरवायची. प्रॉम्प्टर म्हणतात तशी. पोस्टरवरही कुजबुज हेच नाव, सगळ्यात खाली, चहावाल्याच्या आभारांच्या जरा वर.

कोणी वाक्य विसरलं की, असं म्हटलं खरं, पण विसरायला आधी पाठ करावं लागतं. मंडळीचे दिग्दर्शक आणि कायमचे नायक दादा, यांनी आयुष्यात एक पान पाठ केलं नव्हतं. "तू आहेस ना," म्हणायचे. कुजबुज विंगेतून वाक्य सोडायची, दादा ते झेलायचे आणि अशा काही थाटात म्हणायचे की बायका रुमाल काढायच्या. दोन वाक्यांमधला दादांचा पॉज तर शहरभर गाजलेला. वर्तमानपत्रात त्यावर अर्धा रकाना छापून आला होता. अहो, कसला पॉज? कान लावून उभा असायचा माणूस.

हेही तिनं हसत चालवून घेतलं असतं. पण छत्रीचं तिच्या पोटात होतं, आणि ते काही केल्या पचत नव्हतं.

झालं होतं असं. मंडळीत नवीन असताना तिनं एक नाटक लिहायला घेतलं. त्यात एक प्रवेश होता: उतारवयाचा एक माणूस, पूर्वी ज्या बाईशी लग्न करायचं त्याला धैर्य झालं नाही, तिच्या घरी तिची जुनी छत्री परत द्यायला येतो. दोघं सगळा वेळ छत्रीबद्दलच बोलतात. काडी कशी वाकली, मूठ कधी बदलली, कापड अजून कसं टिकलंय. बाकीचं काही बोलतच नाहीत. हे तिनं मनानं रचलं नव्हतं. असा एक माणूस खरंच एकदा ताईकडे छत्री घेऊन आला होता, आणि कुजबुज आतल्या खोलीत इस्त्री करता करता सगळं ऐकत होती. ताईला विचारून, तिचा होकार घेऊन तिनं ते लिहिलं, आणि पहिला अंक झाल्यावर भीत भीत दादांच्या हातात दिला.

दादांनी तो चहाच्या वेळी सगळ्यांसमोर वाचला. बायकी आवाज काढून, माना वेळावून, हातात कोणाची तरी छत्री घेऊन. हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. मग तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बाई, तू आपली दुसऱ्यांची वाक्यं सांग. ते तुला छान जमतं." तीही हसली. दुसरं काय करणार होती?

पुढच्या वर्षी दादांनी स्वतः लिहिलेलं नाटक बसवलं, आणि त्याच्या दुसऱ्या अंकात एक माणूस छत्री परत द्यायला आला. शब्द न शब्द तोच. त्या प्रवेशावर दादांना लेखनाचं बक्षीस मिळालं. प्रयोगामागून प्रयोग आपलीच वाक्यं ती विंगेत बसून त्या चोराला पुरवत राहिली. एकदा धीर करून विषय काढला, तर दादा म्हणाले, "अगं, कल्पना हवेत असतात. कोणाच्याही डोक्यात शिरतात." तिनं आपली पानं गुंडाळून माळ्यावर टाकली. दरवर्षी खाली काढायची, थोडं लिहायची आणि हात अडायचा. दादांचा तो बायकी आवाज कानात घुमायचा, लिहिलेलं सगळं फालतू वाटायचं, आणि पानं परत माळ्यावर. असं करता करता केस पिकले.

मग यंदा दादांची मुलाखत छापून आली, भल्यामोठ्या फोटोसकट. ताईनं ती सकाळच्या चहाबरोबर वाचून दाखवली. "'ती छत्री मला माझ्या वडिलांच्या खुंटीवर दिसली, आणि प्रवेश आपोआप सुचला.'" ताईनं चष्मा काढला. "काय गं, माझी छत्री याच्या बापाच्या खुंटीवर कधी गेली?"

चेष्टेनंच म्हणाली, पण चहा तसाच टाकून उठली. त्या छत्रीवाल्याबद्दल ताई कधी कोणाशी बोलली नव्हती. तिच्या आयुष्यात घडलेलं म्हणावं असं जे काही होतं ते त्या एका प्रवेशात होतं. कुजबुजच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं तिनं डूख धरला होता तो स्वतःपुरता. स्वतःचा अपमान माणूस गिळतो. बहिणीचा गिळता येईना.

"मी याचं उट्टं काढणार," ती म्हणाली.

"कशानं?"

"नाटकानं. मला दुसरं काय येतं?"

पानं माळ्यावरून खाली आली. जेवणाच्या सुट्टीत भिंगं घासायच्या यंत्राशेजारी बसून ती लिहायची, रविवारी ताई भाजी निवडत असायची तेव्हा स्वयंपाकघरात लिहायची. आता कानात कोणाचा आवाज येईना. रागानं हात कसा भराभर चालतो हे तिला फार उशिरा कळलं. जुनं अर्धंमुर्धं नाटक तिनं पार उलटंपालटं केलं आणि ते एका म्हाताऱ्या नटाचं झालं. टाळ्यांना चटावलेला, आरशासमोरून न हलणारा, दुसऱ्याच्या ताटातलं उचलून वर ढेकर देणारा. दादांची मान तिरकी करून बोलायची ढब, रुमालानं कपाळ टिपायची सवय, हवेतल्या कल्पना, काही म्हणून तिनं सोडलं नाही.

"अगं, पण तो ओळखेल ना स्वतःला," ताई म्हणाली.

"ओळखलं तर भूमिका नाकारेल. मग सगळे विचारतील, का नाकारली? मला दोन्ही चालतं."

पण दादांनी काही ओळखलं नाही. स्पर्धा तोंडावर आलेली, हातात नाटक नाही, आणि हिनं पुढे केलेल्या नाटकात पानोपानी नायक. वाचून डोळे टिपत म्हणाले, "हा म्हातारा कोण, ते माझ्या लक्षात आलं बरं का. तो पलीकडच्या मंडळीतला. तोच ना?"

"तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, दादा," कुजबुज म्हणाली.

तालमीत बाकीचे एकमेकांना कोपरानं ढोसायचे. रंगभूषेवाला तर तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळायचा. दादांना सांगायची छाती कोणाचीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

पोस्टर छापून आलं. लेखक आणि दिग्दर्शक, दादा. खाली मुंगीएवढ्या अक्षरात, लेखनसाहाय्य, आणि तिचं नाव. "माझं नाव बघून लोक येतील तरी," दादांनी तिची समजूत घातली. "तुझ्याच भल्यासाठी गं." आता सांगा, अशा माणसाची दया कोणाला येईल? तिलाही आली नाही. "बरं दादा," म्हणून ती घरी गेली, शेवटच्या प्रवेशातलं म्हाताऱ्याचं भाषण तिनं फाडून टाकलं आणि त्या जागी नवं लिहिलं. ओट्याशी उभ्यानंच लिहिलं. तिच्या मते नाटक खरं पुरं झालं ते तेव्हा. ते पान तिनं ताईलासुद्धा दाखवलं नाही.

प्रयोग दुपारचा होता. थिएटर भरलं होतं, ताई पुढच्या रांगेत. मुलाखत घेणाऱ्या वार्ताहर बाईही आल्या होत्या. पहिले अंक झकास रंगले. शेवटी म्हातारा नट रिकाम्या रंगमंचावर एकटा उरला. तालमीत इथे तो आपल्या मोठेपणाच्या आठवणी काढून रडायचा. विंगेत कुजबुजनं घडी घातलेलं पान उलगडलं आणि पहिलं वाक्य सोडलं.

"लोक म्हणतात, मी एकच गोष्ट अजोड लिहिली," दादा म्हणाले. पॉज. "तो छत्रीचा प्रवेश."

हे वाक्य तालमीत नव्हतं, पण ते दादांच्या गावीही नव्हतं. तालमीत कुठली वाक्यं होती, हे तरी त्यांना कुठे ठाऊक होतं?

"ती छत्री माझ्या वडिलांची नव्हती," दादा भरल्या गळ्यानं म्हणाले. पॉज. "विंगेत बसणाऱ्या एका बाईनं तो प्रवेश लिहिला. आधी मी तिची टिंगल केली. मग..."

इथे दादांच्या डोक्यात प्रकाश पडला. मान हळूहळू विंगेकडे वळली. रंगाखालून घाम ओघळू लागला. कुजबुज त्यांच्याकडे टक लावून बघत होती. दुसरं काहीतरी दे, असं त्यांनी डोळ्यांनी विनवलं. तिनं तेच वाक्य पुन्हा दिलं. पडदा ओढणाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, तिनं मानेनं नको म्हटलं. स्वतःचं एक, फक्त एक वाक्य सुचलं असतं तर दादा सुटले असते. कल्पना हवेत असतात म्हणे. त्या दुपारी एकही शिरली नाही.

"मग तिचं चोरलं," दादा म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता.

थिएटर टाळ्यांनी दणाणून गेलं. लोक उभे राहिले. आणि कुजबुजचं तोंड कडू झालं, कारण लोकांना तो अभिनय वाटला होता. टाळ्या पुन्हा त्याच माणसाच्या पदरात.

पडदा पडताच दादा तिच्यावर धावून आले. "उद्यापासून तुझं तोंड..." इतक्यात वार्ताहर बाई आत आल्या, मागोमाग ताई. मंडळीतले सगळे जिथल्या तिथे उभे राहिले.

"दादा, एक विचारायचंय," वार्ताहर बाई म्हणाल्या. "मुलाखतीत तुम्ही म्हणालात, छत्री वडिलांची. आत्ता म्हणालात, नव्हती. यातलं खरं कुठलं?"

दादांनी तोंड उघडलं, आणि सवयीनं कुजबुजकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघू नका, दादा," ती म्हणाली. "हे काही मी लिहिलेलं नाही."

दादा रुमालानं कपाळ टिपत राहिले. कपाळावरचा रंग रुमालाला लागला. "म्हणजे, नाटक हिनंच लिहिलंय," शेवटी म्हणाले. "हे सगळं."

"आणि छत्री?" कुजबुजनं विचारलं.

"अगं, ते आपण नंतर बोलू."

"छत्री, दादा."

"तीही हिचीच," दादा जमिनीकडे बघत पुटपुटले.

"माझी नव्हे," कुजबुज म्हणाली. तिनं ताईचा हात धरला आणि तिला दादांच्या समोर आणून उभं केलं. "हिची. ती हिच्या घरातून उचललीत तुम्ही. हिला सांगा, आणि तोंडाकडे बघून सांगा."

 ताईनं मान वर केली.

दादांनी सांगितलं. वार्ताहर बाईंनी लिहून घेतलं.