बिमलाजींच्या पत्रकातला चौथा मुद्दा

शुक्रवारी दुपारी आमच्या कॉलनीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं, आणि त्याला निगमच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, निवडणुकीतली एक उमेदवार आली होती. तिला बोलावलं मीच. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही… म्हणून लिहितेय.

उमेदवार म्हणजे बिमलाजी. बावीस वर्षं त्यांनी आमच्या गल्ल्या झाडल्या, मागच्या वर्षी रिटायर झाल्या, आणि आता पार्षदपदासाठी, म्हणजे नगरसेवक व्हायला, अपक्ष उभ्या आहेत. इतकी वर्षं मी त्यांना नुसतं 'बिमला' म्हणत होते. आता 'जी' लावताना जीभ अडखळते, आणि अडखळते याची लाजही वाटते.

दोन सुना आणि एक ई-रिक्षा, एवढाच त्यांच्या प्रचाराचा लवाजमा. मागच्या आठवड्यात त्या दारात उभ्या राहिल्या, हातात हिंदीतलं एकपानी पत्रक. "दीदी, आप लोगों की भाषा में कर दो ना… आपकी बहनें पढ़ेंगी तो उनको अच्छा लगेगा." मी सरकारी ऑफिसात अनुवादक म्हणून जन्म काढलेला. म्हटलं, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!

पत्रकात मुद्दे तीनच. शाळेच्या फाटकाला लागून ढलाव आहे, म्हणजे सगळ्या भागाचा कचरा जमतो ती जागा… तो रोज मुलं यायच्या आत रिकामा करायचा. नाल्यांतून काढलेला गाळ त्याच दिवशी उचलायचा, कारण काठावर ठेवला की पावसात तोच परत आत जातो. आणि पार्कातलं बायकांचं टॉयलेट उघडायचं, पाण्यासकट.

टॉयलेटचंच का, असं मी सहज विचारलं. "बाईस साल ड्यूटी की है दीदी. घर पहुँचने तक… रोके रखती थी." एवढंच बोलल्या. त्या पार्कात मी वर्षानुवर्षं वॉकला जाते. टॉयलेटच्या दाराला कुलूप असतं हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

मला मनापासून वाटलं, ही बाई निवडून आलीच पाहिजे! आमच्या वॉर्डचा निकाल नेहमी थोडक्यात लागतो, आणि या हिंदी शहरातल्या आमच्या मूठभर मराठी घरांनी मनावर घेतलं तर पारडं फिरू शकतं. आता आमच्या मराठी मंडळाला काय हवंय ते मला पाठ आहे… हॉल. दरवर्षी आमचा गणपती रस्त्यावरच्या तंबूत बसतो आणि दरवर्षी ऐन आरतीला तंबू गळतो.

म्हणून अनुवाद करता करता मी खाली एक ओळ वाढवली. '४. मराठी मंडळासाठी कायमचा हॉल.' साहेबांच्या मसुद्यात अशी एखादी ओळ घातली की साहेब खूश व्हायचे, त्या सवयीने हात चालला. बिमलाजींना विचारलंसुद्धा नाही. कोपऱ्यावरच्या फोटोस्टॅटवाल्याकडून गठ्ठा काढून आणला आणि हळदीकुंकवाला सरळ वाटून टाकला.

आमच्या मंडळाच्या अध्यक्ष कुलकर्णी काकू एकदम खूश. "चला, कुणीतरी आपला विचार केला!" मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग बिमलाजींनीही एक पत्रक उचललं. लिपी तीच, त्यामुळे ओळींवर बोट ठेवून त्या हळूहळू वाचत गेल्या… आणि शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातली कैरीची डाळ हातातच राहिली.

मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "बहनजी, ये चार नंबर काट दीजिए. छपवाने में मुझसे गलती हो गई. यहाँ की ज़मीन निगम की है ही नहीं, मैं हॉल कहाँ से दूँगी?"

मुझसे, म्हणाल्या. माझं नाव घेतलं असतं तरी कुणी काही म्हणालं नसतं.

काकूंचा चेहरा उतरला, आणि मला डोळ्यांसमोर मतं जाताना दिसली. बिमलाजींना ती दिसली नसतील असं नाही. त्या खाली सतरंजीवर बसल्या, पर्समधून पेन काढलं, आणि उरलेल्या गठ्ठ्यातली एकेक ओळ स्वतः खोडत बसल्या. घाई नाही, चिडचिड नाही. "जो मेरे हाथ में है, उतना ही लिखा था," एवढं बोलून पन्हं प्यायल्या आणि नमस्कार करून गेल्या.

मी अक्षरशः थक्क होऊन बघत राहिले. अख्खी नोकरी मोठमोठ्या साहेबांच्या हाताखाली केली. इतकं मोठं माणूस मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं.

त्या गेल्यावर कुणीतरी म्हणालं, "पत्रक धड छापता येत नाही, वॉर्ड काय सांभाळणार?" सगळ्या हसल्या. मी हसले नाही… पण तोंडही उघडलं नाही.

संध्याकाळी फोन करून त्यांची माफी मागितली. म्हणाल्या, "मेरे भले के लिए ही किया ना दीदी, छोड़ो." त्यांनी सोडलं, मला काही सोडता येईना.

तर काकू, आणि मंडळातल्या सगळ्याजणी… तो चौथा मुद्दा माझा होता. त्यांना न विचारता मी घातला होता, आणि त्यांनी तो सगळ्यांसमोर स्वतःच्या अंगावर घेतला. रविवारी मतदान आहे. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण माझ्या चुकीसाठी त्यांचं मत कापू नका.

मी आजवर एकही निवडणूक चुकवलेली नाही. दर वेळी काय काय मिळणार ते ऐकून मत दिलं. काय मिळणार नाही हे उमेदवाराच्याच तोंडून ऐकून मत द्यायला मी पहिल्यांदा जाणार आहे… आणि खरं सांगते, इतक्या आनंदाने याआधी कधी गेले नव्हते.