गणिताला दुसरी मुलगी

दहावीचा निकाल लागला की मला अजून अहेरीच्या कॉलेजचा तो तापलेला व्हरांडा आठवतो. मला अकरावीला गणित हवं होतं. "तू एकटीच आहे, बाई. वर्ग चालवायला निदान दोघी तरी पाहिजे. बायोलॉजी घे," सर म्हणाले. बाहेर बाबांची घाई चाललेली, गावाची बस सुटायला आलेली. मी नुसती येरझारा घालत होते. आर्ट्‌सला नाव द्यायला आलेल्या मैत्रिणीने विचारलं, "काऊन अशी फिरून राह्यली?" मी सांगितलं. ती तडक आत गेली आणि म्हणाली, "सर, मले बी गणितच पाहिजे." वर्ग सुरू झाला. आज ती नागपूरला गणित शिकवते. मी ऑफिसात फायली बघते, आणि मुलीला गणित अडलं की तिलाच फोन लावते.