सॅम्पल आलं बल्गेरियाहून

एका ऑफिसात चार माणसं वर्षानुवर्षं बसली की काम किती होतं ते सोडा, किस्से मात्र साठत जातात. कुणी ते लावून ठेवत नाही आणि कुणी टाकूनही देत नाही. आमचं ऑफिस सोलापुरात नवी पेठेत, अरुंद जिना चढून वर. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही. आमच्या कारखान्याचे टॉवेल परदेशी पाठवायचो. गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा प्यायला परमिट लागायचं, आणि परमिटाला डॉक्टरचा दाखला. म्हणजे माणूस अधिकृत आजारी असल्याशिवाय अधिकृत पिऊ शकत नव्हता!

मी तिथं इंग्रजी पत्रव्यवहाराचा क्लार्क. दोन वर्षं टेंपररी. बल्गेरियाची एक ऑर्डर येऊन गेली होती. दुसरी आली तर तू पर्मनंट, नाही आली तर इंग्रजी पत्रं लिहायची कुणाला, असं मालकांनी तोंडावर सांगितलेलं. त्यामुळं बल्गेरियातली माणसं रोज अंघोळ करतात का नाही, ही काळजी अख्ख्या सोलापुरात मी एकटा करायचो.

*

एके दिवशी लाकडी पेटी आली. मुंबईच्या एजंटानं पाठवलेली. कस्टममधून कशी सुटली ते मला विचारू नका. उघडली तर गवतात नीट झोपवलेल्या लाल वाईनच्या बाटल्या!

मालक खुर्चीवरून ताडकन उठले. कपाळाला गंध, सोमवारचा उपास, कांदालसूण वर्ज्य, शिवाय पेठेतल्या दारूबंदी समितीचे उपाध्यक्ष. "बाहेर! आत्ताच्या आत्ता बाहेर! माझ्या ऑफिसात दारू?"

मी सोबतचं पत्र वाचून दाखवलं. बल्गेरियाच्या पेत्रोव साहेबानं लिहिलं होतं, ही आमच्या देशाची शान आहे, जगाला अजून माहीत नाही. तुम्ही चाखा, कशी वाटली ते सविस्तर कळवा, मग पुढच्या ऑर्डरचं बोलू.

मालक ऑर्डर हा शब्द ऐकून पुन्हा खुर्चीत बसले. जरा वेळ छताकडं बघितलं. मग म्हणाले, "दारू कोण म्हणतंय? पार्टीकडून आलेलं सॅम्पल आहे हे. सॅम्पल रजिस्टरला घ्या की!"

घेतलं. आमच्याकडं आलेला प्रत्येक नमुना रजिस्टरला चढायचा आणि त्याला दोऱ्यानं चिठ्ठी लागायची. बाटल्यांच्या गळ्यात चिठ्ठ्या बांधल्या. शेड – गडद लाल. वीण – नाही. धुण्याची पद्धत या रकान्यात काय लिहू म्हणून मी विचारलं, तर आमचे एक्स्पोर्ट मॅनेजर भागवत साहेब म्हणाले, "लिही, आवश्यकता नाही."

*

आता बाटली उघडायची कशी? बुचाला पकडायला जागाच नाही. बूच काढायचा स्क्रू असतो एवढं भागवत साहेबांना माहीत होतं, पण तो स्क्रू नवी पेठेत मिळेना. भांड्याच्या दुकानदारानं आम्हाला नारळ सोलायचं हत्यार दाखवलं!

शेवटी कारखान्यातून सुलेमानभाईंना बोलावलं. सुलेमानभाई आमचे जॉबर, म्हणजे मागांची दुरुस्ती बघणारे. असा एकही अडकलेला माग नव्हता जो त्यांच्या हाताला वश झाला नाही. आले, बाटली बघितली आणि दोन पावलं मागं सरले.

"खोलके देतौं," म्हणाले, "मगर सूंगने कू नक्को बोलो!"

नाकाला रुमाल बांधला, बुचात लाकडाचा लांब स्क्रू पिळला, स्क्रूला पक्कड लावली, बाटली मला पोटाशी धरायला लावली, तोंड भिंतीकडं फिरवलं आणि ओढलं. बूच निघालं. सोबत पाव बाटली वाईन माझ्या पांढऱ्या शर्टावर निघाली!

हसायचं नव्हतं ते पुढं. आमच्या घरात दीक्षा घेतल्यापासून पंचशील. आणि त्यातलं दारूचं शील आईला सगळ्यात मोलाचं, कारण त्याआधी माझा बाप पिऊन घरी यायचा आणि आई आम्हाला घेऊन शेजारणीच्या दारात बसायची. दीक्षेनंतर बापानं सोडली ती मरेपर्यंत शिवली नाही. तो गेला त्या वर्षी आईनं माझा हात हातात घेऊन शपथ घातली होती. आता संध्याकाळी मी घरी तिच्यापुढं उभा, अंगाला वाईनचा भपका! आईनं ताट वाढलं आणि तोंड फिरवून बसली. मला त्या दिवशी रडू आलं, खोटं कशाला सांगू.

*

दुसऱ्या दिवशी आई ऑफिसचा जिना चढून वर! थेट मालकांच्या टेबलापुढं.

"काय वो मालक, माजा पोरगा हितं दारू पितो काय?"

मालक म्हणाले, "बाई, बसा." आणि सुरू झाले. दारूनं संसार कसे धुळीला मिळतात, बुद्धी कशी जाते, लिव्हर कसं कुजतं, नरकात काय व्यवस्था असते... अर्धा तास! समितीच्या सभेत एवढं रंगून बोलले नसतील. पंखा बंद पडला तरी थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "या छपराखाली कुणी थेंब जरी घेतला तर मी स्वतः त्याला जिन्यावरून ढकलीन! तुमचा पोरगा स्वच्छ आहे. जा निर्धास्त."

आई डोळे पुसत उतरली. घरी गेल्यावर मला जेवू घातलं आणि म्हणाली, "तुजा मालक लई देवमाणूस हाय बघ. त्येची नोकरी सोडू नगंस."

मी म्हटलं, "आई, ती धरलीय कुटं अजून!"

*

तिकडं भागवत साहेबांनी चाखण्याची सूत्रं हातात घेतली. साहेबांकडं हृदयाच्या नावानं परमिट होतं. हृदय ठणठणीत! एकदा ते परदेशी जाऊन आले होते आणि त्यानंतर पाण्याचा पेलाही उजेडात धरून बघायचे.

"वाईन उघडली की लगेच प्यायची नसते," म्हणाले. "तिला श्वास घेऊ द्यायचा असतो."

"किती वेळ?" मी विचारलं.

"ते वाईनवर अवलंबून!"

तीन बाटल्या उघडून खिडकीत ठेवल्या. महिना मे. सोलापुरात त्या दिवसांत माणसाला श्वास घेता येत नाही, तिथं बाटलीला कुठला? साहेब दर तासाला येऊन वास घ्यायचे आणि म्हणायचे, "अजून थोडा घेऊ दे." शनिवार गेला, रविवार गेला. सोमवारी ऑफिस उघडलं तर बाटल्यांत चिलटं पडलेली आणि असा आंबूस वास, की खालच्या कापडवाल्यानं वर येऊन विचारलं, "लोणचं घातलंय काय वो?"

साहेबांनी तरी एक घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "एक्सलंट!"

*

सगळ्यात प्रामाणिक मत दिलं ते नरसय्या मास्तरांनी. मास्तर आमच्या कारखान्याचे रंगारी, घरात तेलुगू, बाहेर मराठी. सुताचा रंग बरोबर झाला का हे ते उकळत्या कढईच्या वासावरून सांगायचे. आणि शिंदी प्यायचे, उघड प्यायचे, कुणाच्या बापाला भ्यायचे नाहीत.

लेबलावरचं चार वर्षांपूर्वीचं साल वाचून दाखवलं आणि ताजी बाटली उघडून त्यांना फुलपात्रात दिली. मास्तरांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला.

"शिंदी सकाळी गोड लागते, दुपारी आंबट होते," म्हणाले. "ह्या बाटलीत चार वर्षं झाली नुसती दुपारच हाय की!"

पण मास्तर तिथं थांबतील तर रंगारी कसले? खिशातून पांढऱ्या सुताची लड काढली, उरलेल्या वाईनमध्ये बुडवली, पिळली, वाळवली, साबणानं धुतली. जांभळट लाल सूत फिकं मातकट झालं. पुन्हा धुतलं. आणखी फिकं झालं, पण पांढरं काही होईना. मास्तरांनी ती लड माझ्या टेबलावर ठेवली आणि निकाल दिला, "रंग धरत नाय. पण डाग सोडत नाय!"

मी म्हटलं, "मास्तर, हे पेत्रोव साहेबाला कसं कळवू?"

"तुज्या शर्टाला विचार की!"

*

म्हणजे पत्र मीच लिहायचं. मालक म्हणाले, "असं लिही की ऑर्डर आली पाहिजे."

मी म्हटलं, "मालक, मी थेंब घेतलेला नाही, घेणारही नाही."

"टॉवेलबद्दल लिहितोस तेव्हा काय टॉवेल खातोस?"

दोन दिवस टाइपरायटरपुढं बसलो. वाईनबद्दल कसं लिहितात देव जाणे, मला टॉवेलबद्दल लिहिता येत होतं. तेच लिहिलं. अंग भरदार. वीण घट्ट, कुठं धागा सुटलेला नाही. कड स्वच्छ दुमडलेली. रंग खोल, आणि कितीही धुतलं तरी आठवण जात नाही. चार वर्षांची दुपार हे मास्तरांचं वाक्यही घातलं, फक्त 'नुसती' काढून 'सोनेरी' टाकलं. भागवत साहेबांनी त्यात एक 'एक्सलंट' जोडलं आणि सही केली.

महिन्याभरात उत्तर आलं. पेत्रोव साहेब लिहितो, आमच्या तज्ज्ञांनी तीस-तीस वर्षं चाखून असं एक वाक्य कधी लिहिलं नाही. आमच्या दारूला 'कड' असते हे आम्हाला सोलापुरानं सांगितलं! पत्र मॅनेजरनं लिहिलेलं नाही हे मी ओळखलं आहे. लिहिणाऱ्याला भेटायला मी स्वतः येतोय. नवी पेटी घेऊन येतोय. त्याच्याबरोबर पेला घेईन आणि मगच ऑर्डरवर सही करीन.

मालकांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, "कशाला एवढं चांगलं लिहिलंस रे?"

*

आला की पेत्रोव! भर दुपारी, मोटारीतून. आडवा माणूस, अरुंद जिना, वर पोचेपर्यंत घामानं निथळला. आमच्याच टॉवेलानं तोंड पुसलं. मला बघून त्यानं मिठी मारली. खुर्चीवर बसला, पेटी फोडली, स्वतःच्या स्क्रूनं बूच काढलं, फुलपात्र भरलं आणि ऑर्डरचा कागद, शेजारी पेन, असं सगळं टेबलावर मांडलं.

"आधी हा," माझ्याकडं बोट.

भागवत साहेब पुढं सरसावले. "मी घेतो, माझ्याकडं परमिट आहे!" घोट घेतला. "एक्सलंट!"

पेत्रोव मला म्हणाला, "हा मघाशी जिन्यावर पाण्यालाही एक्सलंट म्हणाला. तू घे."

फुलपात्र माझ्या हातात. मालक बघतायत. दारात सुलेमानभाई आणि नरसय्या मास्तर. मला आईचं ते फिरवलेलं तोंड दिसायला लागलं. एक घोट, काय होतंय, असंही मनात आलं, नाही कशाला म्हणू? दोन वर्षं टेंपररी काढली होती. पण हात वर जाईना. फुलपात्र खाली ठेवलं आणि इंग्रजीत सांगून टाकलं, "साहेब, मी पीत नाही. आईची शपथ आहे. या लोकांनी जे जे सांगितलं ते मी लिहिलं. मला फक्त टॉवेल कळतात."

भागवत साहेबांनी कपाळाला हात लावला. पेत्रोवनं पेन उचललं, टोपण लावलं आणि खिशाकडं नेलं. गेली नोकरी, मी मनात म्हटलं. वाईट वाटलं, पण हलकंही वाटलं.

तेवढ्यात मालक उठले. आधी जाऊन दार लावलं. सुलेमानभाई, मास्तर दोघंही बाहेर. मग माझ्यापुढचं फुलपात्र उचललं.

"साहेबाला सांग," म्हणाले, "ह्याला शपथ आहे. मला नुसतं परमिट नाही."

आम्हाला वाटलं, डोळे मिटून औषधासारखी ढोसतील. छे! मालकांनी फुलपात्र हळूच गोल फिरवलं. नाकाशी नेलं. लहानसा घोट घेतला, जिभेवर ठेवला, गालात फिरवला, आणि छताकडं बघत गिळला. पेत्रोव पुढं वाकून बघतोय.

"सांग त्याला," मालक शांतपणे म्हणाले, "चांगली आहे. पण मागल्या पेटीतली जास्त मुरलेली होती."

मी सांगितलं. पेत्रोव खुर्चीतून उडालाच! "बरोबर! ती दोन वर्षांनी जुनी होती! हे आमच्या मुंबईच्या एजंटालाही कळलं नाही!" त्यानं मालकांना कवटाळलं, पेनाचं टोपण काढलं आणि सही ठोकली. पहिल्या ऑर्डरच्या दुप्पट!

पेत्रोवची मोटार गेली. भागवत साहेब त्याला पोचवायला स्टेशनवर गेले. मालकांनी खळखळून चूळ भरली, आरशात बघून गंध सारखं केलं, तोंडात वेलदोडा टाकला आणि मला हाक मारली.

"गायकवाड, आज दुपारी तू काय बघितलंस?"

"काही नाही, मालक."

"म्हणूनच पर्मनंट!"