मधल्या खुर्चीतून निवडलेला पडदा

पडदा मी निवडला होता. क्लबच्या समितीने नाही, सेक्रेटरीसाहेबांनी नाही आणि कापड विकणाऱ्याने तर नाहीच. मीच. तो चुकीचा आहे हे कळल्यावरही मी चार आठवडे तोंड उघडलं नाही. पहिली चूक न कळल्यामुळे झाली असं मी स्वतःला समजावत आलो आहे. दुसरीला तेवढंही निमित्त नाही, आणि तिची आठवण आली की आजही माझं डोकं फिरतं.

तेव्हा मी अंबरनाथच्या एका कारखान्यात विजेच्या खात्यात होतो आणि कारखान्याच्याच चाळीत राहत होतो. कामगारांच्या करमणूक क्लबाने सिनेमाचं एक लहान यंत्र विकत घेतलं आणि ते चालवायचं काम माझ्याकडे आलं. क्लबाचा हॉल म्हणजे लढाईच्या दिवसांत बांधलेली रुंद बराक. वर पत्रा, दोन्ही अंगांना ओळीने मोठ्या खिडक्या. नुसता शनिवारी दिवेलागणीनंतर खेळ असता तर साधी चादर टांगूनही भागलं असतं. पण दर बुधवारी दुपारी एक खेळ फक्त बायकांसाठी ठेवायचा असं ठरलं होतं.

तो खेळ माझ्या वहिनींनी मिळवला होता. माझी आई लहानपणीच गेली. बदलापूर गावातून लग्न होऊन आमच्या घरी आलेल्या या सतरा वर्षांच्या मुलीने मला वाढवलं. पुढे भाऊ बोटीवर नोकरीला लागला आणि त्या माझ्याकडे राहू लागल्या. चाळीतल्या बायका त्यांचं ऐकत. संध्याकाळी चूल, मुलं, कामावरून आलेला नवरा, त्यामुळे शनिवारचा खेळ बायकांच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. वहिनी पंधरा-वीस जणींना घेऊन सरळ सेक्रेटरीसाहेबांच्या खोलीत गेल्या. साहेबांनी नाइलाजाने हो म्हटलं. चार बुधवार करून बघू, जमलं तर कायमचं, नाही तर बंद.

म्हणजे सगळं त्या चार दुपारींवर होतं, आणि दुपारी त्या हॉलमध्ये उजेड मावत नसे. खिडक्या झाकाव्यात तर पत्र्याखाली भट्टी पेटायची, आणि बायकांच्या मांडीवर तान्ही मुलं असणार. तेव्हा उजेडातही चित्र दिसेल असा पडदा हवा होता.

मी कॅम्पात गेलो. उल्हासनगर हे नाव कागदावर आलं होतं, आमच्या तोंडात कॅम्पच होतं. तिथल्या बाजारातला एक सिंधी कापडवाला जाड पडदे शिवून देई. सिंधमध्ये त्याच्या काकाचा फिरता तंबू सिनेमा होता, हे मला मागून कळलं. त्याने दोन तुकडे समोर ठेवले. एक खडूचा लेप दिलेला जाड पांढरा मांजरपाट, दुसरा रुपेरी रंग चढवलेला. रुपेरी तुकड्याला हात लावताच माझं मन तिकडे गेलं. कापडवाल्याने ते ओळखलं आणि म्हणाला, "साईं, ये बीच में बैठनेवाले का पडदा है. किनारे बैठ के भी देखना."

मी ऐकलं आणि मनात हसलो. याला पांढरं कापड खपवायचं आहे, एवढाच अर्थ मी काढला. मी विजेच्या खात्यातला माणूस, हा गजाने कापड मोजणारा. हा मला उजेडाबद्दल शिकवणार? स्वतःचा तो उर्मटपणा आठवला की वाटतं, त्या दिवशी कोणीतरी माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी हॉलमध्ये दोन्ही तुकडे शेजारी शेजारी टांगले आणि रीळ लावलं. पांढऱ्यावरचं चित्र पुसट, धुतलेल्या साडीसारखं. रुपेरीवर माणसाचा चेहरा लख्ख, डोळ्यांतली बुबुळंसुद्धा दिसत होती. सेक्रेटरीसाहेब शेजारी बसले होते, ते वा म्हणाले. त्या एका शब्दाने मी फुगलो. आम्ही दोघे मधल्या रांगेतल्या मधल्या खुर्च्यांवर बसून पाहत होतो. उठून डावीकडे दहा पावलं जावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

का आलं नाही, तेही लिहितो. आमच्या हॉलमध्ये कोणी कुठे बसायचं हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. मध्ये खुर्च्या, त्या साहेबलोकांच्या. उजव्या भिंतीशी कामगारांची बाकं. डाव्या भिंतीशी, दाराजवळ सतरंज्या, त्या बायकांच्या. मूल रडलं तर पटकन उठून जाता यावं म्हणून. कसलीही वस्तू पारखायची तर ती मधल्या खुर्चीतून, हे आमच्या अंगात मुरलं होतं.

पहिल्या बुधवारी साठ-सत्तर बायका आल्या. मध्ये चार साहेबांच्या बायका बसल्या आणि आजूबाजूच्या चाळीस खुर्च्या रिकाम्या राहिल्या. खेळ बायकांचा होता, तरी एकही बाई त्या खुर्च्यांकडे वळली नाही. साऱ्या सवयीने डाव्या भिंतीला जाऊन दाटीने बसल्या. मी यंत्रापाशी उभा होतो. अर्ध्या तासात कुजबुज सुरू झाली, मग बोलणं, मग हसणं. काही जणी मुलं काखोटीला मारून निघून गेल्या. मला राग आला. एवढं करून यांना किंमत नाही, असं वाटलं.

बाहेर पडताना चाळीतली एक म्हातारी वहिनींना ऐकवत होती, "तुझ्या दिराने आम्हाला दोन तास खिडकी दाखवली गं. त्यापेक्षा माझ्या घरची खिडकी काय वाईट होती?" सगळ्या हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, आमच्या बाजूने पडद्यावर नुसती चकाकी दिसत होती. पडद्यातच काही खोट नाही ना?"

मी म्हणालो, "पडदा उत्तम आहे. सिनेमा बघायला लक्ष द्यावं लागतं, वहिनी. गप्पा मारत बसलं की काय दिसणार?"

ज्या बाईने मला भरवलं, तिला मी हे म्हणालो. त्यांनी माझं ताट वाढलं आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी एकटाच हॉलमध्ये गेलो. यंत्र सुरू केलं आणि डाव्या भिंतीशी सतरंजीवर जाऊन बसलो. पडद्यावर चित्र नव्हतं. समोरच्या उजव्या खिडक्यांचा उजेड त्या रुपेरी रंगावर पडून थेट माझ्या डोळ्यांवर येत होता, आणि त्या पांढऱ्या झगमगाटात काळपट सावल्या हलत होत्या. मी उठून एकेक पाऊल मध्याकडे गेलो. खुर्च्यांच्या रांगेत पोचलो तसं चित्र उमटलं. कापडवाला अगदी हेच म्हणाला होता.

त्याच क्षणी साहेबांकडे जायला हवं होतं. गेलो नाही. समितीच्या बैठकीत माझ्या निवडीचं कौतुक झालं होतं आणि क्लबाचं यंत्र कायमचं माझ्या ताब्यात देण्याचं चाललं होतं. निदान बायकांना खुर्च्यांवर बसा म्हणायचं, तर तेही केलं नाही, कारण मग का, असं कोणीतरी विचारलं असतं. दुसऱ्या बुधवारी चाळीस बायका आल्या, तिसऱ्याला बारा. साहेबांच्या बायकांनी घरी सांगितलं की चित्र तर छान दिसतं. सेक्रेटरीसाहेब मला म्हणाले, "अहो, या बायका सिनेमा बघायला येतच नाहीत, एकमेकींना बघायला येतात." मी हसलो. चौथा बुधवार झालाच नाही. दुपारचा खेळ बंद, कारण बायका गोंगाट करतात, अशी नोटीस लागली. ती दाराला मी माझ्या हाताने डकवली. वहिनींनी ती वाचली आणि तिथून घरापर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालत गेल्या. चाळीत त्यांच्यावरच बोल आला, की हिने आमच्या दुपारी फुकट घालवल्या आणि वर आम्हालाच गोंगाट्या ठरवलं.

मग पुढच्या शनिवारी हॉल पहिल्यांदाच गच्च भरला आणि उजव्या भिंतीला टेकून बसलेले बाकांवरचे कामगार ओरडले. त्यांना कडेने चित्र काळं दिसत होतं. सोमवारी सकाळी सेक्रेटरीसाहेबांनी बाकं मध्ये सरकवली, खुर्च्या पुढे घेतल्या आणि मला नवा पडदा आणायला सांगितलं. एका दिवसात. कामगारांना कोणी विचारलं नाही की तुम्ही गप्पा मारत होता का. त्यांच्या डोळ्यांवर कोणी शंका घेतली नाही. मी तिथे उभा राहून बाकं उचलायला हात लावत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. साहेबांचा राग आला, पण साहेबांना खरं काय ते ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

कॅम्पात जाऊन तो खडूचा पांढरा मांजरपाट आणला. कापडवाल्याने एका शब्दाने टोचलं नाही, घडी नीट घालून दिली. त्याने टोचलं असतं तर बरं झालं असतं. पडदा टांगला, डावीकडून, उजवीकडून, दारातून पाहिला. चित्र पुसट होतं, पण सगळीकडून सारखं होतं. मग साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं की दोष माझा होता, बायकांचा नव्हे, दुपारचा खेळ पुन्हा सुरू करा. ते कागदावरून मान न उचलता म्हणाले, "आता तो विषय संपला. कशाला उकरून काढता?" मी म्हणालो की मग यंत्र चालवायला दुसरा माणूस बघा. तेव्हा मान वर झाली. बघू, म्हणाले. त्या बघूचं पुढे होकारात रूपांतर व्हायला पावसाळा उजाडला.

पण वहिनींसमोर मी तोवर थांबू शकत नव्हतो, आणि एकटीसमोर बोलून भागणार नव्हतं. बोल त्यांना चारचौघींत लागला होता. त्या आठवड्यात आमच्या घरी चैत्राचं हळदीकुंकू होतं. बाहेरच्या खोलीत चाळीतल्या बायका बसल्या होत्या, पन्हं फिरत होतं. अशा वेळी पुरुषाने घरात थांबायचं नसतं. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. ती म्हातारी म्हणाली, "काय हो, आज काय दाखवायला आलात?" कोणी हसलं नाही. वहिनींच्या हातात हरभऱ्याच्या डाळीचं पातेलं होतं. त्या माझ्याकडे न बघता वाढत राहिल्या.

मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाला कोणालाच दिसत नव्हतं, कारण पडदा मी चुकीचा आणला होता. मी मधल्या खुर्चीत बसून तो निवडला, तुमच्या जागेवरून एकदाही बघितलं नाही. पहिल्या खेळाच्या दुसऱ्याच दिवशी मला ते कळलं आणि मी लपवलं. गोंगाटाची नोटीस खोटी होती आणि ती मीच डकवली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुम्हालाच दोष दिला. माझं चुकलं. तुमची आणि इथल्या सगळ्यांची मी माफी मागतो."