राखून ठेवलेली नाकपुडी

आप्पामामांच्या डाव्या नाकपुडीत कायम कापसाचा बोळा असायचा. आईचे हे थोरले भाऊ निपाणीच्या एका वखारीत तंबाखूची पारख करत. मूठभर पान कुस्करायचं, उजव्या नाकपुडीने ओढायचं आणि प्रत सांगायची. डावी मात्र राखीव. कारण विचारलं की म्हणत, “दोन्ही बैलं रोज जुपायची नसत्यात.” त्यांच्या लग्नाच्या फोटोतही तो बोळा दिसतो. मामीने याबद्दल त्यांना कधी माफ केलं नाही.

मी बेळगावात एका प्रयोगशाळेत लागले आणि माझ्या वाट्याला नेमकं हेच काम आलं. उंदरांची एक नाकपुडी बंद करायची आणि काही दिवसांनी दोन्ही बाजूंच्या पेशींत कोणती जनुकं काम करताहेत, कोणती गप्प बसलीत ते बघायचं. बंद बाजूची काही जनुकं पार मंदावलेली दिसली. मी तोऱ्यात निपाणी गाठली आणि मामांना ऐकवलं, की वास मिळाला नाही तर नाक विसावा घेत नाही, ते काम विसरतं. त्यांनी बोळा नीट बसवला आणि मामीला चहा ठेवायला सांगितलं.

पुढच्या खेपेला माझीच पंचाईत. त्याच बंद बाजूला काही जनुकं उलट जास्तच जोरात होती. म्हणजे नाक विसरतं की आसुसतं? आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनाही सांगता येईना. मामा खूश झाले. “म्हंजे तुमास्नी बी ठावं न्हाय तर.”

मग त्यांना ताप आला आणि उजव्या बाजूचा वास गेला. वखारीत जाणं थांबलं. बोळा काढून बघा म्हणून मामी मागे लागली, पण ते हात लावू देईनात. डावीनेही दगा दिला तर मग उरतं काय? शेवटी त्यांनी मला फोन केला. “काढू का नको, तूच सांग गं.”

मी गोंधळले. नाकपुडी मोकळी केल्यावर उंदरांची जनुकं सावरलेली मी पाहिली होती, पण उंदरांना ताप आला नव्हता. तरी मी ‘काढा’ म्हणाले आणि स्वतः निपाणीला गेले.

मामांनी बोळा काढला आणि सोप्यातल्या एका पोत्यातलं पान मी कुस्करून दिलं. मला सगळा तंबाखू सारखाच. मामा डोळे मिटून बराच वेळ ओढत राहिले. मग म्हणाले, “लई झ्याक माल हाय. तुझं खरं झालं, पोरी.” मला रडूच आलं.

निघताना मामी दारापर्यंत आली. ते पोतं बुरसलेलं होतं आणि तापाआधी मामांनीच ते नापास केलं होतं, असं तिने हळूच सांगितलं.

वास चुकीचा आला, की आलाच नाही, की त्यांनी माझं मन राखलं? विचारायचं धाडस मला झालं नाही. मामांनी वखार सोडली, वय झालं म्हणाले. गावभर मात्र सांगत राहिले, की भाचीनं माझं नाक परत आणलं.

आता मामा नाहीत. निपाणीहून अजून अधूनमधून फोन येतो. कुणाचा तरी वास गेलेला असतो आणि आप्पांनी तुमचं नाव सांगितलं होतं, असं समोरचा माणूस मोठ्या आशेने म्हणतो.